हॉबची धार : सिकंदराबादचं मशीन आणि आपला भाग

किल्ले, शिलालेख, मठ, दर्गे या विषयांच्या रांगेत गिअर कापायच्या हत्याराला धार लावणारं मशीन कुठून घुसलं, असं वाचणाऱ्याला वाटेल. कारण साधं आहे. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत संतपूर, औराद, उदगीर, निलंगा हा सगळा मुलूख एकाच बिदर जिल्ह्यात आणि हैदराबाद राज्यात होता. त्या राज्याच्या राजधानीला लागून, सिकंदराबादेत, 1943 साली ऐन महायुद्धात प्रागा टूल्स कॉर्पोरेशन ही कंपनी निघाली. टूल अँड कटर ग्राइंडर हे तिचं एक नावाजलेलं मशीन. पुढे जिल्ह्याची वाटणी झाली, उदगीर-निलंगा-अहमदपूर मुंबई राज्यात (आजच्या महाराष्ट्रात) गेले, जहीराबाद-नारायणखेड आंध्रात, आपण म्हैसूर राज्यात. राजधानी बदलली, टूलरूममध्ये काम केलेल्या माणसाला मात्र प्रागा हे नाव वेगळं सांगावं लागत नाही.

आता ते मशीन करतं काय, ते सांगतो.

लोहार विळ्याला धार लावतो ती डोळ्याच्या अंदाजानं. विळा थोडा वाकडा निसला तरी ज्वारी कापली जातेच. गिअरच्या कटरचं तसं नाही. त्याच्या दात्याचा जो आकार, तोच गिअरच्या दोन दात्यांमधल्या जागेत उतरतो. मग प्रश्न असा की धार लावताना पोलाद घासलं जाणार, आणि घासलं की आकार बदलणार. याचं उत्तर अमेरिकेत ब्राउन अँड शार्प कंपनीच्या जोसेफ ब्राउननं 1864 साली पेटंटमध्ये दिलं. कटरचा दाता पाठीमागे एका ठरावीक वळणानं उतरत जाईल असा घडवायचा, आणि धार लावताना फक्त दात्याचा पुढचा चेहरा घासायचा. कडा आणि पाठ यांना हातच लावायचा नाही.

आळूवडीचा उंडा डोळ्यांपुढे आणा. तो कुठेही सरळ कापला तरी आतलं वेटोळं तेच दिसतं. पुढची चकती काढली, मागची काढली, नक्षी तीच. पण सुरी तिरकी धरली तर वेटोळं लांबट होतं. कटरचंही नेमकं असंच असतं. चेहरा सरळ घासला तर दाता शेवटपर्यंत आपला आकार राखतो. तिरका घासला तर पहिल्याच धारेत बिघडतो.

हॉब म्हणजे या कटरचा पुढचा अवतार. जाड स्क्रूसारखा दंडगोल, त्याच्या आट्यांना आडव्या खाचा पाडून दाते केलेले. जर्मनीत केमनिट्झच्या हर्मान फाउटरनं 1897 साली असं मशीन बसवलं की हॉब आणि गिअरचा तुकडा दोन्ही एका तालात फिरतात आणि दाते सलग कापले जातात. सरळ गिअर आणि तिरप्या दात्यांचा गिअर, दोन्ही एकाच मशीनवर. आज ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सपासून साखर कारखान्यातल्या ऊस-वाहकाच्या गिअरबॉक्सपर्यंत बहुतेक गिअर याच पद्धतीनं निघतात.

साध्या हॉबमध्ये प्रत्येक दात्याचा चेहरा हॉबच्या मध्यातून जाणाऱ्या रेषेवर असावा लागतो. समजा हॉबचा व्यास 80 मिलिमीटर आहे आणि ग्राइंडिंगचं चाक मध्यापासून अर्धा मिलिमीटर सरकलेलं आहे. चेहरा जवळजवळ पाऊण अंशानं तिरका होतो. अर्धा मिलिमीटर बाहेरून दिसतही नाही. हा तिरकेपणा पुढे झुकणारा असेल तर हॉबच्या दात्याचा कोन कमी होतो आणि गिअरचा दाता टोकाला जाड येतो. उलट्या बाजूला असेल तर टोकाला बारीक. दोन्ही गिअर मापात बसतात, फिरतातही, पण आवाज करतात. भार पडला की दात्याची एकच कड सगळं ओझं घेते आणि तिथूनच झिजायला लागते.

दुसरी गोष्ट खाचांची वाटणी. हॉबला 10 खाचा असतील तर प्रत्येक चेहरा बरोबर 36 अंशांवर यायला हवा. पाठ 10 अंशांनी उतरती धरली आणि एक चेहरा दहावा भाग मिलिमीटर जास्त घासला गेला, तर त्या ओळीचे दाते सुमारे दोन शतांश मिलिमीटरनं बुटके होतात. मग बाकीच्या ओळी त्यांच्या वाट्याचं कापतात आणि लवकर बोथट होतात. म्हणून या मशीनवर हॉब मँड्रेलवर बसवून, भोकांच्या इंडेक्स प्लेटनं एकेक खाच मोजून फिरवतात, आणि ताटलीसारखं चाक खाचेतून सरकवतात. खाचा सरळ असतील तर हे काम प्रागासारख्या साध्या टूल अँड कटर ग्राइंडरवर, इंडेक्सचं जोडकाम लावून आणि सेंटर गेज वापरून, उत्तम होतं. खाचा पिळाच्या असतील तर हॉबला सरकता सरकता फिरवणारी यंत्रणा लागते. तिथे रेमशाइडच्या क्लिंगेलनबर्गसारख्या कंपन्यांचं खास हॉब-शार्पनिंग मशीनच हवं. त्यात चाकही सपाट चालत नाही, त्याला हिशेबानं किंचित फुगीर करावं लागतं, नाहीतर पिळाच्या बाजूला घासतं.

आणखी एक, उष्णता. हायस्पीड स्टीलला पाणी दिल्यावर ते साधारण 550-560 अंश सेल्सिअसला टेम्पर करतात. घाईनं जाड घास घेतला की धारेपाशी त्याहून जास्त तापमान चढतं, निळा-तपकिरी डाग उमटतो आणि नेमकी धारच मऊ पडते. जुने कारागीर शेवटचे घास दोन-तीन शतांशांचे घेत आणि चाक वारंवार हिऱ्यानं साफ करत. ही शिस्त पुस्तकात एका ओळीत असते, हातात यायला वर्षं लागतात.

नोकरीच्या काळात एका कारखान्यात (नाव घेत नाही) मी हे जवळून पाहिलं. हॉबिंग मशीन नवंकोरं, बाहेरदेशचं. धार मात्र साध्या बेंच ग्राइंडरवर, हातानं. पिनियनचा सगळा लॉट आवाज करतो म्हणून परत आला. आठवडाभर हॉबिंग मशीनचे गिअर, बेअरिंग, गिऱ्हाइकाचा शाफ्ट, सगळ्यांवर संशय. शेवटी एका म्हाताऱ्या फिटरनं हॉब मँड्रेलवर चढवला, डायल लावला आणि काटा कसा नाचतो ते दाखवलं. दुसरा हॉब नीट धारेला पाठवला, तेच मशीन गुपचूप चालू लागलं. पैसा कापणाऱ्या मशीनवर घालायचा आणि धारेवर नाही, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. हिशेबानंही ती परवडत नाही. दात्यात घासायला 6 मिलिमीटर पोलाद असेल आणि दर वेळी 0.4 मिलिमीटर काढलं, तर एका हॉबला 15 धारा मिळतात. पार बोथट होईपर्यंत ओढला आणि मग एकदम 1 मिलिमीटर काढावं लागलं, तर फक्त 6.

प्रागाकडे परत येतो. कंपनी सरकारी मालकीकडे झुकत गेली. 1969 साली सर्वोच्च न्यायालयात तिच्या कामगारांचा खटला गाजला. त्या निकालात केंद्र सरकारचे 56 टक्के, आंध्र प्रदेश सरकारचे 32 टक्के आणि खासगी लोकांचे 12 टक्के भाग असल्याची नोंद आहे. वकिलांना प्रागा माहीत असते ती या निकालामुळे, सरकारचे एवढे भाग असलेल्या कंपनीवर रिट चालतं का या मुद्द्यावरून. कामगारांना त्यात दाद मिळाली नाही. 1988 साली कंपनी एचएमटीच्या छत्राखाली गेली. दरम्यान कामाची तऱ्हाच बदलली. बोराझॉन नावाचं हिऱ्याखालोखाल कठीण द्रव्य 1957 साली जनरल इलेक्ट्रिकमध्ये तयार झालं आणि 1969 पासून बाजारात आलं. त्याची चाकं आणि संगणकावर चालणारी मशीनं मिळून खाच मोजणं, चाक साफ करणं, पीळ धरणं हे सगळं आपोआप करतात. धार लावल्यावर हॉबला पुन्हा सोनेरी लेप देतात, तोही मोठ्या शहरात.

त्यामुळे हातानं चालणारी जुनी ग्राइंडर आता भंगारात जाताहेत, आणि वजनावर जाताहेत. मशीनचं ओतीव लोखंड गेलं तरी एक वेळ चालेल. त्याच्याबरोबर इंडेक्स प्लेटा, सेंटर गेज, मँड्रेल आणि कारागिरानं कपाटाच्या दारामागे खडूनं लिहिलेली मापं जातात, ती परत मिळत नाहीत. बिदरच्या बिदरी कामाच्या कलमांबद्दल आपण बरंच लिहिलं, ते योग्यच झालं. वर्कशॉपच्या हत्यारांबद्दल मात्र काहीच नाही.

औराद, भालकी, उदगीर, बिदर या पट्ट्यात कुणाच्या वर्कशॉपमध्ये प्रागाचं किंवा दुसरं जुनं कटर ग्राइंडर उभं असेल, तर विकण्याआधी मंडळाला कळवावं. नेमप्लेटवरचा नंबर, सोबतच्या प्लेटांवरच्या भोकांची मोजदाद, आणि ते शेवटचं कुणी चालवलं, एवढं टिपून ठेवलं तरी पुरे. चालवणारा माणूस हयात असेल तर मी स्वतः येऊन बसायला तयार आहे.