पाबळची फॅब लॅब

शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकायचे, ही तिथली रीत. म्हणूनच 2002 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या साथीने तिथे फॅब लॅब, म्हणजे संगणकावरच्या आराखड्यावरून वस्तू घडवायची कार्यशाळा, उभी राहिली, तीही एमआयटीबाहेरच्या जगातल्या अगदी पहिल्यांपैकी एक! तालुक्याने अभिमान बाळगावा अशीच ही गोष्ट आहे.

अशा लॅबमध्ये नवशिक्याची सुरुवात बहुधा व्हिनाइल कटरने होते. संगणकावर काढलेल्या रेषेवरून बारीक पाते फिरते. दाब नेमका हवा: वरचा चिकट थर कापला जावा, खालचा कागद शाबूत राहावा. याच यंत्रावर तांब्याची पातळ पट्टी कापून विजेचे सर्किटही बनवता येते.

लेझर कटर प्लायवूड, पुठ्ठा, अ‍ॅक्रिलिक कापतो. पण किरण वाटेतला थोडा माल जाळतो, साधारण 0.1 ते 0.3 मिलिमीटर. तेवढे माप आराखड्यात धरले, तर खाचा एकमेकींत घट्ट बसतात आणि खिळ्याशिवाय डबा उभा राहतो. खरे शिक्षण इथेच होते.

पीव्हीसी मात्र लेझरखाली कधीच ठेवू नये. त्यातून विषारी, आम्लधर्मी वायू निघतो.