पिट्स्टनची पवनचक्की

इंग्लंडांत, लंडन शहराच्या वायव्येस, चिल्टर्न टेकड्यांच्या पायथ्याशीं पिट्स्टन नांवाचें एक गांव आहे. त्याच्या शिवारांत एक लांकडी पवनचक्की उभी असून तिच्या सांगाड्यांतील एका लांकडावर १६२७ हा सन कोरलेला आहे. त्याच वर्षीं हिंदुस्थानांत जहांगीर बादशहा निवर्तला, एवढें सांगितलें म्हणजे तिच्या वयाची कल्पना येईल. सुमारें पावणेतीनशें वर्षें तिनें आसपासचें धान्य दळलें आणि १९०२ सालीं ती बंद पडली. ती कशी चाले व कां थांबली, हें समजून घेण्याजोगें आहे.

या जातीच्या चक्कीची रचना मोठी विलक्षण असते. आडव्या तुळया व तिरपे टेकू यांनीं सांवरलेला एक प्रचंड उभा खांब, आणि त्या एका खांबावर दळणाच्या तळ्या, दांतेरी चाकें व छप्पर यांसह सारें घर तोललेलें! घराच्या पाठीमागें एक लांब दांडा असतो. वारा फिरला कीं चक्कीवाला त्या दांड्याला जोर लावून अवघें घर फिरवी व पंखे वाऱ्याच्या तोंडास आणी. पंख्यांची गति दांतेरी चाकांच्या द्वारें तळ्यांस मिळे. खालची तळी स्थिर, वरची फिरती, आणि मधोमध धान्याची वैरण. जातें पाहिलेल्या श्रोत्यांस यांत नवें कांहींच वाटावयाचें नाहीं. जात्याप्रमाणेंच या तळ्याही झिजून गुळगुळीत होत व त्यांस वरचेवर टाकी लावावी लागे.

चक्कीवाल्याचें खरें कसब मात्र आभाळाकडे पाहण्यांत असे. पंख्यांची बांधणी समोरच्या वाऱ्यासाठीं केलेली. वादळ एकाएकीं पाठीमागून आलें तर पंखे आणि छप्पर दोन्ही उखडण्याचें भय. म्हणून दळण चालू असतां त्याला रात्रींबेरात्रींही सावध राहावें लागे. वारा फुकट मिळे, पण तो मिळेल तेव्हांच काम करावें लागे.

१८७४ सालीं अर्ल ब्राउन्लो या जमीनदारानें ही चक्की विकत घेतली व एका स्थानिक शेतकऱ्यास चालवावयास दिली. त्या शेतकऱ्याचा धंदा चांगला चालला. म्हणजे तोंवर तरी वाऱ्यावरचें दळण परवडत होतें. परंतु १८८० च्या सुमारापासून इंग्लंडांत पोलादी रुळांच्या गिरण्या झपाट्यानें वाढल्या. अमेरिकेंतून गहूं जहाजांनीं येई, तो बंदरांवरील या गिरण्यांत दळला जाई आणि पांढरें शुभ्र पीठ आगगाडीनें खेडोपाडीं पोंचे. वाऱ्याची वाट पाहण्याचें कोणास कारण उरलें नाहीं.

अशा स्थितींत १९०२ च्या वादळानें चक्कीची भयंकर मोडतोड केली. वादळें पूर्वींही होत आणि मोडलेल्या चक्क्या दुरुस्तही होत. या वेळीं दुरुस्तीचा खर्च दळणाच्या उत्पन्नांतून निघण्याजोगा राहिला नव्हता, हाच काय तो फरक. वादळ निमित्तमात्र झालें.

पुढें ही मोडकी चक्की जवळच्याच एका शेतकऱ्याकडे गेली. त्यानें १९३७ सालीं ती जुन्या वास्तूंचें जतन करणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेस दान दिली. तरीही कामास आरंभ व्हावयास १९६३ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं कांहीं उत्साही मंडळींनीं वेतन न घेतां, पदरचा पैसा खर्चून, दुरुस्ती हातीं घेतली. आणि १९७० सालीं, अडुसष्ट वर्षांनंतर, त्या तळ्यांतून पुन्हा पीठ पडलें.

त्या पिठावर कोणाचें पोट अवलंबून नव्हतें. गेलेला धंदा परत आला नाहीं. तो कसा चाले, हें पुढच्या पिढीस डोळ्यांनीं पाहतां यावें एवढेंच साधलें. परंतु लांकूड कुजून गेल्यावर तेंही साधलें नसतें. आपल्याकडील अडगळींत पडलेल्या जुन्या साधनांविषयींही हाच विचार वेळेवर व्हावयास हवा.