दर्याच्या पोटात (लेखांक ९) : आपलं पाणी बुडी का मारत नाही?

आज उत्तरेकडच्या लॅब्रॅडॉर समुद्राकडे निघायचं ठरलं होतं. पण मुंबईजवळच्या उत्तनच्या एका तांडेलांनी मागचा लेखांक वाचून विचारलेला प्रश्न इतका नेमका आहे, की लॅब्रॅडॉरला थांबावं लागेल. ते विचारतात, ‘‘उत्तरेकडचं थंड पाणी तळाला जातं आणि रसायनांचं विष सोबत नेतं, हे पटलं. मग वसईच्या खाडीतून आमच्या दर्यात जे येतं, ते खोल जातं की इथंच राहतं?’’

आधी खोली बघू. ‘बॉम्बे हाय’चे तेलाचे फलाट किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर उभे आहेत आणि तिथंही पाणी जेमतेम ७५ मीटर. म्हणजे उत्तनचा दर्या फार दूरपर्यंत उथळच आहे. उल्हास नदी अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांच्या पट्ट्यातून वाहत खाडीला मिळते. डीडीटीसारखी रसायनं पाण्यात जवळपास विरघळतच नाहीत. ती चरबीला आणि सेंद्रिय गाळाला चिकटतात. हा गाळ डोल जाळी लावणाऱ्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. उधाणाला उठतो, भांगेला बसतो, पुन्हा उठतो. त्याला चिकटलेलं विष बरंचसं या उथळ पट्ट्यातच फिरत राहतं.

दूरच्या खोल समुद्रावर मात्र ते वाऱ्यानं जाऊ शकतं. हिवाळ्यात आपल्याकडे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. १९९९ च्या ‘इंडोएक्स’ मोहिमेत शास्त्रज्ञांना या वाऱ्याबरोबर उपखंडावरचा धुरकट थर हिंदी महासागरावर दूरवर पसरलेला आढळला. वाफ होऊन उडणारी कीटकनाशकंही याच वाटेनं जातात आणि पाण्यावर उतरतात.

आता बुडीचं. अरबी समुद्रात पावसापेक्षा बाष्पीभवन जास्त, म्हणून पाणी खारट आणि जड. हिवाळ्यात कोरड्या वाऱ्यानं उत्तरेकडचं पाणी गार झालं की ते खाली बसू लागतं. पण किती? साधारण शंभर मीटर, फार तर थोडं अधिक. कारण वरचं पाणी गार होऊन होऊन २४-२५ अंशांवर येतं आणि तीन हजार मीटरवरचं दोन अंशांच्या आसपास असतं. एवढ्या थंड, जड पाण्याला बाजूला सारून वरचं पाणी खाली जाणार कसं? लॅब्रॅडॉरला थेट ध्रुवाकडची थंडी मिळते, म्हणून तिथलं पाणी खोल बुडतं. आपल्या समुद्राच्या उत्तरेला आशिया खंड आडवा पडला आहे, ध्रुवाकडे जायला वाटच नाही.

म्हणून आपल्याकडे तळाशी पाणी जात नाही, कण जातात.

१९७८ साली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी अरबी समुद्रातल्या प्राणिप्लवकांमध्ये डीडीटी असल्याचं प्रसिद्ध केलं. डोळ्यांना जेमतेम दिसणारे हे जीव वनस्पतिप्लवक खातात आणि त्यांची विष्ठा गोळ्यांच्या रूपात खाली पडत राहते. मेलेले जीव, कवचं, चिकट धागे यांच्यासकट हा पाऊस दिवसरात्र चालू असतो. तो मोजायला याच संस्थेनं जर्मनीच्या हॅम्बुर्ग विद्यापीठाबरोबर १९८६ मध्ये अरबी समुद्रात गाळ पकडणारे सापळे सोडले. मोठं नरसाळं, खाली बाटल्यांचं चक्र. ठरावीक दिवस झाले की आपोआप पुढची बाटली तोंडाखाली येते. नंतर वर काढलेल्या त्या बाटल्या म्हणजे तळाची रोजनिशीच. आर. आर. नायर आणि वेणुगोपालन इट्टेक्कोट यांच्या गटानं १९८९ मध्ये दाखवलं, की मोसमी वारे जोरात असतात तेव्हा हा पाऊस खूप वाढतो. वारा पाणी घुसळतो, खालचं खत वर येतं, प्लवक माजतात आणि काही आठवड्यांत त्यांचा अवशेष तळाला पोहोचतो. पावसाळ्यात उत्तनच्या बोटी किनाऱ्याला ओढलेल्या असतात, नेमका तेव्हा दूरवर हा कणांचा पाऊस जोरात असतो. चरबीला चिकटणारं डीडीटी याच कणांवर बसून खाली जातं.

पीएफओएसचं तसं नाही. नॉनस्टिकच्या घराण्यातलं हे रसायन पाण्यात विरघळतं, कणांना फारसं धरत नाही. त्याला खोल जायला बुडणारं पाणीच लागतं आणि ते इथं नाही. अरबी समुद्राच्या तळाशी असलेलं पाणी दक्षिणेकडून, अंटार्क्टिकाच्या बाजूनं आलेलं आहे. पृष्ठभाग सोडून त्याला शेकडो वर्षं झाली. डीडीटी घरोघरी फवारायला सुरुवात झाली ती १९४० च्या दशकात. तेव्हा तांडेल, तिथं तळाशी डीडीटी सापडलं तर ते पाण्याबरोबर नव्हे, वरून पडून आलेलं असणार.

बोंबलांत हे विष किती उतरतं, हाही त्यांच्या पत्राचा एक भाग होता. तो प्रश्न खोल समुद्राचा नाही, किनाऱ्यावरच्या गाळाचा आणि जवळ्याचा आहे. त्याला स्वतंत्र लेखांक देतो. लॅब्रॅडॉर त्याच्यानंतर.