अनावर लैंगिक वर्तन : उपचार त्याचे आणि तिचेही

समुपदेशनासाठी जोडपं येतं तेव्हा बहुतेकदा तो मान खाली घालून बसतो आणि बोलते ती. अशीच एक बाई मला आठवते. तिने पर्समधून चार पानं काढून टेबलावर ठेवली. नवऱ्याच्या बँक खात्याचं स्टेटमेंट होतं ते. लॉज आणि मसाज पार्लरला गेलेल्या पैशांवर तिने पिवळ्या मार्करने रेघा ओढल्या होत्या, दोन वर्षांच्या. आणि तिचा पहिला प्रश्न होता, "मॅडम, माझं कुठे चुकलं?" नवऱ्याला काही आजार असू शकतो का, हे तिने त्यानंतर तासाभराने विचारलं.

हाच क्रम मी पुन्हा पुन्हा पाहते आणि दरवेळी अस्वस्थ होते. बाई चूक शोधायला स्वतःपासून सुरुवात करते, कारण आजूबाजूच्यांनी तिला तेच ऐकवलेलं असतं. म्हणून लोक जे सर्रास बोलतात, त्यातल्या काही गोष्टी इथे तपासून पाहते.

"आजारबिजार काही नाही, ही नुसती थेरं"

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात 'कम्पल्सिव्ह सेक्शुअल बिहेविअर डिसऑर्डर' हे स्वतंत्र निदान आहे. आपण त्याला अनावर लैंगिक वर्तनाचा विकार म्हणू. त्याची नोंद व्यसनांमध्ये नाही, आवेगावर ताबा न राहण्याच्या विकारांमध्ये आहे. 'सेक्स ॲडिक्शन' हा शब्द अमेरिकेत पॅट्रिक कार्न्स यांच्या १९८३ च्या पुस्तकानंतर रुळला. पण तिथल्याच मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या निदानपुस्तिकेत अशा निदानाला जागा दिली नाही. हे व्यसन म्हणायचं की आणखी काही, यावर तज्ज्ञांचा वाद आजही चालू आहे. रुग्ण सोसतो आहे, याबद्दल मात्र वाद नाही.

निदानासाठी हे वर्तन साधारण सहा महिने किंवा अधिक काळ टिकलेलं असावं लागतं. माणूस तब्येत, घर, काम यांकडे दुर्लक्ष करू लागतो. थांबायचं ठरवतो आणि पुन्हा पुन्हा हरतो. नोकरी जायची वेळ आली तरी थांबत नाही, आणि त्यातून सुख मिळेनासं झालं तरीही थांबत नाही. ही शेवटची खूण नातेवाइकांना पटतच नाही. त्यांना वाटतं, मजा मारतोय. ४२ देशांतल्या ८२ हजारांहून अधिक लोकांच्या एका पाहणीत सुमारे ५ टक्के लोकांना या विकाराचा मोठा धोका दिसला. त्यांतल्या जेमतेम १४ टक्क्यांनी कधी उपचार मागितले होते. स्त्रियांनाही हा विकार होतो. त्या तर आणखी उशिरा बोलतात.

"इच्छा जास्त, म्हणजे विकार"

नाही. किती वेळा, हा आकडा निदान ठरवत नाही. आणि केवळ "हे पाप आहे" या भावनेतून त्रास होत असेल, तर ते निदान करू नये, असं वर्गीकरणात स्पष्ट लिहिलं आहे. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं आहे. हस्तमैथुनाने शक्ती जाते, या भीतीने खंगलेली मुलं आजही दवाखान्यात येतात. वीर्य जाण्याच्या या भीतीला डॉ. एन. एन. विग यांनी १९६० साली 'धात सिंड्रोम' असं नाव दिलं. र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकातून असल्याच भीतीशी झगडत होते आणि त्यापायी कोर्टाच्या पायऱ्याही चढले. अशा मुलाला मी "तू व्यसनी आहेस" म्हटलं, तर मी त्याचं नुकसानच करेन. त्याला हवी असते ती बरोबर माहिती. समलिंगी आकर्षण हाही विकार नाही, आणि ते 'बरं' करून देतो म्हणणाऱ्याच्या दारात पाऊल ठेवू नये.

एक गोष्ट घरच्यांनी लक्षात ठेवावी. आयुष्यभर सरळ वागलेले आजोबा पासष्टीत अचानक बदलले, तर आधी औषधांची पिशवी तपासा. पार्किन्सनवरच्या प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या गोळ्यांनी काहींचा आवेगांवरचा ताबा सुटतो. डॉक्टरांनी डोस कमी केला किंवा गोळी बदलली की पुष्कळदा फरक पडतो. मात्र गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. बायपोलर आजारातली उन्मादाची अवस्था आणि काही प्रकारचा स्मृतिभ्रंश यांतही असं होतं.

"लग्न लावून द्या, ताळ्यावर येईल"

या सल्ल्याने किती मुलींच्या आयुष्याचं वाटोळं झालं असेल! या वर्तनामागे बहुतेकदा जोडीदाराची उणीव नसतेच. ताण, एकटेपणा, अपमान, रिकामी संध्याकाळ यांतून सुटायची ती एक वाट असते. घटकाभर बरं वाटतं, मग स्वतःची लाज वाटते, आणि त्या लाजेपासून पळायला पुन्हा तीच वाट. लग्नाने यातलं काहीच बदलत नाही, फक्त लपवायची जागा बदलते. आणि ज्या मुलीला औषध म्हणून घरात आणलं, तिला कुणी विचारलेलंही नसतं.

"मनाचा निग्रह हवा, देवाची शपथ घातली की झालं"

शपथेने मोडलेली माणसं मी पाहिली आहेत. शपथ मोडली की लाज दुप्पट होते आणि ती पुन्हा त्याच चक्रात ढकलते.

उपचार कसे चालतात, ते एका वहीच्या पानावर दिसतं. रुग्णाने लिहिलेलं असतं : 'मंगळवार, रात्री ११.४०. साहेब सगळ्यांसमोर बोलले. जेवलो नाही. फोन घेऊन गच्चीवर.' अशी वीस पानं झाली की त्याला स्वतःलाच दिसतं की ओढीची सुरुवात गच्चीवर होत नाही, दुपारी चारला ऑफिसात होते. मग काम तिथे सुरू होतं. ओढ लाटेसारखी चढते आणि आपण काही केलं नाही तरी ओसरते, हे सरावाने शिकवलं जातं. स्वीडनमध्ये १३७ पुरुषांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सात आठवडे गटात दिलेल्या अशाच बोधात्मक वर्तन उपचाराने लक्षणं कमी झाल्याचं दिसलं. मनोविकारतज्ज्ञ काहींना नैराश्यविरोधी गोळ्या किंवा नाल्ट्रेक्सोन देतात, पण खास याच विकारासाठी मंजूर झालेलं औषध अजून नाही. जन्मभराचं ब्रह्मचर्य हे उपचाराचं ध्येय नसतं. माणसाच्या लैंगिक आयुष्याचा लगाम पुन्हा त्याच्या हाती यावा, एवढं पाहायचं असतं. मध्ये घसरण होते. ती वहीत लिहायची आणि पुढच्या भेटीला यायचं.

"बायकोच कमी पडली असणार"

सासूपासून शेजारणीपर्यंत सगळे हे बोलतात, कधी उघड, कधी नुसत्या नजरेने. हे खोटं आहे. बायको देखणी आहे का, रोज 'हो' म्हणते का, याचा या विकाराशी संबंध नाही.

पूर्वी काही समुपदेशकही अशा बायकांना 'सहव्यसनी' म्हणत, जणू नवऱ्याच्या वागण्याला त्यांचाही हातभार आहे. बार्बरा स्टेफन्स आणि रॉबिन रेनी यांनी २००६ मध्ये अशा पत्नींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बहुतेकींमध्ये मोठ्या आघातानंतर दिसतात तशी लक्षणं आढळली. मला ती रोज दिसतात. झोप उडते. त्याच्या फोनची रिंग वाजली की पोटात गोळा येतो. भाजीला फोडणी देताना मध्येच तो मेसेज डोळ्यांसमोर येतो आणि मोहरी करपते. लग्नाचा अल्बम पाहताना प्रश्न पडतो, तेव्हाही चालू होतं का?

म्हणून तिला तिचा वेगळा समुपदेशक हवा. 'त्याला सांभाळून कसं घ्यायचं' याचं शिक्षण घ्यायला ती आलेली नसते. त्याचा फोन तपासत राहणं तिचं काम नाही. स्वतःवर पहारा कसा ठेवायचा, ते त्याने थेरपिस्टशी ठरवून घ्यावं. कबुलीही आज थोडी, महिन्याने थोडी अशी हप्त्याहप्त्याने येऊ नये. दर हप्त्याला तिची जखम नव्याने उघडते. तिला काय जाणून घ्यायचं आहे ते तिने ठरवावं, आणि तयारी करून, दोन्ही समुपदेशकांच्या उपस्थितीत ते एकदाच पूर्ण सांगितलं जावं.

त्याआधी एक निकडीचं काम. बाहेर संबंध आले असतील तर तिने एचआयव्ही आणि इतर गुप्तरोगांची तपासणी करून घ्यावी. सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसी (समुपदेशन आणि चाचणी) केंद्रात एचआयव्हीची चाचणी मोफत आणि गोपनीय असते. धोक्याचा संबंध नुकताच झाला असेल, तर प्रतिबंधक गोळ्या जितक्या लवकर तितक्या चांगल्या, आणि ७२ तासांच्या आत सुरू व्हायलाच हव्यात. तपासणी होईपर्यंत "नको" म्हणायचा तिला पूर्ण हक्क आहे, नंतरही आहे. जबरदस्ती किंवा विटंबना होत असेल, तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा लैंगिक छळालाही हिंसाच मानतो. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे.

"आजारी आहे म्हटलं, म्हणजे सगळं माफ"

निदान ही सबब नाही. संमतीशिवाय केलेला स्पर्श गुन्हाच राहतो, आणि लहान मुलाचा संबंध आला तर पॉक्सो कायद्याने समुपदेशकालाही कळवावंच लागतं. बाकी बाबतींत २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो, त्यामुळे गावात बोभाटा होईल या भीतीने थांबू नये. मनोविकारतज्ज्ञ किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट शोधावा. कुणाला गाठायचं ते सुचत नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मराठीतही बोलता येतं. भिंतीवरच्या जाहिरातीतला 'गुप्तरोगतज्ज्ञ' हा पर्याय नव्हे.

ती पिवळ्या रेघांची बाई सहाव्या भेटीला आली, तेव्हा तिच्या पर्समधून वेगळा कागद निघाला. तिच्या स्वतःच्या रक्ताचा रिपोर्ट होता, सगळं ठीक असलेला. नवऱ्याचे उपचार दुसरीकडे चालू होते. राहायचं की वेगळं व्हायचं, हे तिने अजून ठरवलं नव्हतं, आणि मीही विचारलं नाही. "काल सहा तास झोपले," ती म्हणाली.