शाळेच्या बँडसाठी संगीत कोण लिहितो?

पंधरा ऑगस्टला अमरावती-अकोल्याच्या शाळांतून वाजणारा बँड आपण कवायतीचा भाग म्हणून ऐकतो. संगीत म्हणून क्वचितच. त्यामुळे एक साधा प्रश्न राहून जातो. बारा-तेरा वर्षांच्या त्या मुलांच्या हाती वाद्य आहे, पण त्या वाद्यासाठी आणि त्या वयासाठी लिहिलेले संगीत आहे काय?

बिगुलाचेच पाहा. त्याला छिद्र नाही, कळ नाही. ओठांचा ताण बदलून त्यातून सहज निघणारे सूर पाचच : सा, प, मग वरचा सा, ग आणि प. नावे मोजली तर तीनच. राष्ट्रगीताची पहिलीच ओळ सा, रे, ग, म या सुरांत फिरते. ती बिगुलावर वाजणारच नाही. मूल कच्चे नसते, नळीच तशी असते. क्लॅरिनेटची अडचण निराळी. बासरीत जोराने फुंकले की तोच सूर वरच्या सप्तकात जातो. क्लॅरिनेट मात्र सप्तक ओलांडून थेट त्यापुढच्या पंचमावर उडी घेते. खालच्या आणि वरच्या सुरांमधला हा सांधा ओलांडताना नवशिक्याचा सूर हमखास चिरकतो. अशा मुलाला सिनेमातले गाणे जसेच्या तसे दिले, तर ते सांध्यावर अडखळते, आणि मग त्याच्या हाती ड्रमच्या काड्या येतात.

पाश्चात्त्य देशांत, विशेषतः अमेरिकेतल्या शाळांत, बँडच्या संगीताच्या पाच-सहा पायऱ्या पाडलेल्या आहेत. पहिल्या पायरीची रचना मोजक्या सुरांत असते, क्लॅरिनेटचा सांधा टाळते आणि मुलाच्या दमाला झेपतील एवढीच लहान वाक्ये देते. एकच चाल दोन-तीन वाद्यांत वाटलेली असते, म्हणजे एखादा चुकला तरी ओळ कोसळत नाही. सा बहुधा काळी पाच, कारण ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट सहसा त्याच पट्टीत घडवलेली असतात. हे दुय्यम काम नव्हे. गुस्ताव होल्स्ट लंडनच्या सेंट पॉल्स या मुलींच्या शाळेत शिकवत असे. तिथल्या विद्यार्थिनींसाठी त्याने लिहिलेला ‘सेंट पॉल्स सुइट’ (तो तंतुवाद्यांचा आहे, पण न्याय तोच) आजही मोठे वाद्यवृंद वाजवतात.

पायऱ्या आपल्याला नवीन नाहीत. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा या परीक्षांना आपली मुले बसतातच. मात्र ती शिडी एकट्याने चढायची.

समूहाने वाजवण्याची सवय वऱ्हाडाला आहे, आणि ती चांगलीच मुरलेली आहे. १९१४ साली अमरावतीत स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दिली. लेझीम हा तर व्यायाम आणि ताल एकाच हातात देणारा प्रकार. तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनात एकजण ओळ म्हणतो, बाकीचे ती झेलतात. नवख्याला त्यात आपोआप जागा मिळते. अकोल्यात श्रावणात गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन राजराजेश्वराची कावड निघते, तेव्हा ढोल वाजवणारी पोरे मोठ्यांच्या शेजारी चालतच शिकतात. ताल असा मिळून येतो. सुरांच्या वाद्यांसाठी तशी व्यवस्था आपण केलेली नाही, आणि माझ्या मते उणीव वाद्यांपेक्षा लिहिलेल्या कागदाची अधिक आहे.

तो कागद फार अवघडही नाही. भूप घ्या : सा, रे, ग, प, ध. सा काळी पाच धरला, तर क्लॅरिनेटवर हे पाचही सूर सांध्याच्या खालीच मिळतात. बिगुल त्याच पट्टीचा असेल, तर त्याचे तिन्ही सूर भुपातच आहेत; त्याला दर चौथ्या मात्रेवर एक लांब सूर द्यावा. बासऱ्यांनी चाल धरावी. त्या मात्र काळी पाचच्याच घ्याव्या लागतील, तेवढा खर्च आहे. साइड ड्रमला केरव्याच्या आठ मात्रा. पहिल्या ओळीत सगळ्यांनी एकच चाल वाजवावी, बिगुलाने फक्त सा धरावा. दुसऱ्या ओळीत क्लॅरिनेटने खालून प आणि सा द्यावेत, म्हणजे दम संपलेल्या बासरीवाल्यांना श्वास घ्यायला दोन मात्रा मिळतात.