पडद्याआडचा युवराज

लंडनच्या नॅशनल गॅलरीत ‘मस्यू द नॉर्व्हँ’ हे तैलचित्र आहे. उंची साधारण ९७ सेंटिमीटर, काळ १८११-१२, चित्रकार ज्याँ-ओग्युस्त-दोमिनिक अँग्र. गडद कोट, हनुवटीला टेकलेला पांढराशुभ्र गळपट्टा, एक हात कोटात खुपसलेला आणि समोरच्याला जोखणारी नजर. हा गृहस्थ पोलीसखात्यातला असणार, हे पाटी न वाचताही ओळखावं.

नॉर्व्हँ रोमचा पोलीसप्रमुख होता. फ्रेंच माणूस रोममध्ये पोलीसप्रमुख कसा? नेपोलियनने १८०९ मध्ये पोपचं राज्य खालसा केलं, पोप सातवा पायस याला उचलून नेलं आणि रोमचा एक फ्रेंच जिल्हा करून टाकला. सीझरांचं शहर पॅरिसहून आलेल्या हुकमांवर चालू लागलं. मग पाठोपाठ अधिकारी आले. टपालखात्याचा मोल्तेदो, जंगल आणि पाणी पाहणारा मार्कोत, आणि हा नॉर्व्हँ. आधी कॅरिबियनमधल्या सँ-दोमँगच्या मोहिमेवर, नंतर जर्मनीतल्या वेस्टफालियात चाकरी करून रोमला आलेला. एकूण बदलीचीच नोकरी.

या मंडळींना आपली चित्रं हवी होती आणि अँग्रला पैसे. सरकारी शिष्यवृत्तीवर तो १८०६ मध्ये रोमला आला होता. १८१० मध्ये ती मुदत संपली, तरी तो घरी परतला नाही. व्यक्तिचित्रं काढणं त्याला कमीपणाचं वाटे, नाव करायचं ते पुराणातल्या आणि इतिहासातल्या प्रसंगांवर. पण घरभाडं साहेबलोकांच्या चेहऱ्यांवरच निघत होतं. माझं मत विचाराल, तर त्याच्या कित्येक भव्य पौराणिक चित्रांपेक्षा हे कारकुनी चेहरे सरस आहेत. कुंचल्याचा फटकारा कुठे दिसू द्यायचा नाही, ही त्याची शिस्त. गळपट्ट्याची घडी इतकी गुळगुळीत, की कापड कुठे संपलं आणि रंग कुठे सुरू झाला हे सांगता येत नाही.

या चित्राची खरी गंमत मात्र मागच्या पडद्यात आहे. निरखून पाहिलं, तर त्यातून एका लहान मुलाच्या डोक्याचा आकार वर येताना दिसतो. तो नेपोलियनचा मुलगा. मार्च १८११ मध्ये जन्मला आणि पाळण्यातच ‘रोमचा राजा’ झाला. साहेबांच्या चित्रात युवराजाचा अर्धपुतळा हवा, हे त्या वर्षी ओघानेच आलं. १८१४ मध्ये नेपोलियन कोसळला, रोम पोपकडे गेलं, आणि तो पुतळा गैरसोयीचा ठरला. सरकार बदललं की कचेरीतली तसबीर खाली उतरते, तशातलाच प्रकार. इथे तसबीर चित्राच्या आतच होती, म्हणून तिच्यावर पडदा रंगवून मोकळे झाले, असं मानलं जातं.

पण तेलरंगाचा स्वभाव आड आला. वर्षं जातात तसा वाळलेल्या तेलाच्या थरातून प्रकाश अधिक आरपार जाऊ लागतो, वरचा रंग विरळ भासतो आणि खाली दडवलेलं डोकावतं. जुन्या तैलचित्रांत पुसलेला हात, सरकवलेली टोपी अशी दिसू लागते. इथे दिसू लागला तो पदच्युत राजपुत्र.

नेपोलियन गेला आणि अँग्रची गिऱ्हाइकंही गेली. त्याने रोमला येणाऱ्या इंग्रज प्रवाशांची पेन्सिलचित्रं काढून दिवस रेटले. नॉर्व्हँचं बरं चाललं. १८२७ पासून त्याने लिहिलेला नेपोलियनचा इतिहास प्रसिद्ध होऊ लागला, तो खपलाही. फ्रान्समधल्या १८३० च्या क्रांतीनंतर स्वारी पुन्हा सरकारी खुर्चीत बसली, या खेपेला प्रिफेक्ट म्हणून.

हे चित्र पुढे चित्रकार देगाच्या संग्रहात आलं. तो अँग्रचा निस्सीम भक्त. देगाच्या मृत्यूनंतर मार्च १९१८ मध्ये पॅरिसला त्या संग्रहाचा लिलाव झाला, तेव्हा शहरावर जर्मन तोफगोळे पडत होते. आपल्या इंडिया ऑफिसात उमेदवारी केलेले अर्थतज्ज्ञ केन्स तेव्हा ब्रिटिश अर्थखात्यात होते. चित्रं घ्यायला २०,००० पौंड मंजूर करवून घेऊन ते नॅशनल गॅलरीचे संचालक होम्स यांच्यासह पॅरिसला गेले. कुणी ओळखू नये म्हणून होम्सनी म्हणे मिशा उतरवल्या होत्या. नॉर्व्हँ पदरात पडला. चित्रकार सेझानचं सफरचंदांचं चित्र होम्सना घ्यावंसं वाटलं नाही, ते केन्सनी स्वतःच्या पैशांनी घेतलं. आणि गॅलरीने जवळपास ५,००० पौंड न वापरता परत आणले.