पिलाजीराव गायकवाड: सोनगडचा घोडेस्वार, बडोद्याचा पाया

नवापूरहून सुरतेकडे निघालं की सोनगड लागतं. डोंगरावरचा तो किल्ला बऱ्याच जणांनी गाडीतूनच पाहिलाय. बडोद्याच्या गायकवाडांचं पहिलं ठाणं हेच.

घराणं मूळचं खेड तालुक्यातल्या दावडीचं. सेनापती खंडेराव दाभाड्यांच्या फौजेत लढणाऱ्या दमाजी गायकवाडांनी 1720 मध्ये बाळापूरची लढाई गाजवली आणि शाहू महाराजांकडून ‘समशेर बहाद्दर’ हा किताब मिळवला. पुढच्याच वर्षी ते वारले. जागेवर आले पुतणे पिलाजीराव.

तेव्हाच्या घोडदळात बारगिराला घोडा सरकारी मिळायचा, शिलेदार स्वतःचा आणायचा. दोघांचं पोट चौथाईवर. त्यासाठीच गुजरातच्या तोंडावरचं सोनगड मोलाचं; खानदेशातून उतरा, सुरतेचा मुलूख समोर!

1 एप्रिल 1731 ला डभईजवळ मराठेच मराठ्यांशी भिडले. बाजीराव पेशव्यांविरुद्ध लढताना सेनापती त्र्यंबकराव दाभाडे पडले. पिलाजीरावांचा मुलगा सयाजी गेला, ते स्वतः जखमी झाले. तरी शाहू महाराजांनी त्यांना ‘सेना खासखेल’ केलं, बाल सेनापती यशवंतराव दाभाड्यांचे मुतालिक नेमलं. हरलेल्या बाजूच्या माणसाला एवढा मान! पण त्यांच्याशिवाय गुजरात सांभाळणार कोण?

मैदानात न सापडलेला हा माणूस 1732 मध्ये डाकोरला दग्यानं मारला गेला. वाटाघाटीच्या निमित्तानं आलेले मारेकरी मोगल सुभेदार अभयसिंहाचे. बडोदंही हातचं गेलं. 1734 मध्ये ते परत घेतलं, आणि पिलाजीरावांचे पुत्र दुसरे दमाजी यांच्या घराण्याकडे ते 1949 पर्यंत राहिलं.